निवासी उन्हाळी शिबिर सुरू करताय? परवाने, नोंदी आणि मुलांच्या सुरक्षेची तयारी

‘शिबिराचं लायसन कुठे मिळतं?’ नव्याने शिबिर घेऊ पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण हाच प्रश्न आधी विचारतो. महाराष्ट्रात ‘उन्हाळी शिबिराचा परवाना’ नावाचा एकच कागद मिळत नाही. तुम्ही शिबिरात काय काय करणार, त्यावर कुठल्या कचेरीचा उंबरठा झिजवायचा ते ठरतं. मुलांना जेवू घालणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. कड्यावरून दोराने उतरवणार असाल तर पर्यटन संचालनालय, जंगलात नेणार असाल तर वनविभाग, बोटीत बसवणार असाल तर मेरीटाइम बोर्ड किंवा जलाशयाचा ताबा ज्या खात्याकडे आहे ते खातं. आणि परक्याची मुलं रात्री तुमच्या छताखाली झोपणार म्हटल्यावर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा लागू आहेच, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही.

हा लेख महाराष्ट्रात आठ ते सोळा वर्षांच्या मुलांचं निवासी शिबिर घेणाऱ्यांसाठी आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये चालणाऱ्या चित्रकला-नाट्य वर्गाला यातलं निम्मं लागणार नाही, पण माणसांबद्दलचा भाग त्यांनीही वाचावा.

सुरुवातीलाच एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एक वही करा. डाव्या बाजूला नियम किंवा काम लिहा आणि उजव्या बाजूला एका माणसाचं नाव. टाकीत क्लोरीन कोण बघणार, रात्री दोन वाजता मुलींच्या खोलीबाहेर कोण जागं असणार, बसमध्ये चढताना कोण मोजणार. तिथे ‘सगळे’ हा शब्द चालत नाही. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवायचं’ असं ठरलं की कुणीच ठेवत नाही, आणि शिबिरांतले बहुतेक अपघात नेमके याच फटीतून होतात.

पहिली पायरी: कार्यक्रम आधी, जाहिरात नंतर

बरेच जण फेब्रुवारीत पोस्टर टाकतात, ‘झिपलाइन, रॅपलिंग, कयाकिंग, जंगल सफारी’ असं सगळं त्यात लिहितात आणि मग एप्रिलमध्ये परवानगीच्या मागे धावतात. हा क्रम उलटा करा. दिवाळी संपली की कार्यक्रम कागदावर मांडा. प्रत्येक उपक्रमासमोर तीन गोष्टी लिहा: कुणाची परवानगी लागेल, कुठल्या प्रशिक्षणाचा माणूस लागेल, काही बिघडलं तर सगळ्यात जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे. या तीनपैकी एक रकाना रिकामा राहिला तर तो उपक्रम वगळा. पहिल्या वर्षी साहसी खेळ न ठेवताही शिबिर उत्तम होतं. गावातलं कुंभारकाम, आकाशदर्शन, पक्षिनिरीक्षण, शेतावरची कामं, जुने मैदानी खेळ यांत मुलं रमतात आणि तुम्हालाही माणसं सांभाळायचा सराव होतो.

दुसरी पायरी: जागा बघायला दोनदा जा

एकदा दिवसा, एकदा रात्री मुक्कामाला. जागा दिवसा मोहक दिसते. रात्री कळतं की संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवाच नाही, लाइट गेली की पंपही बंद पडतो आणि शेजारच्या फार्महाउसवर मध्यरात्रीपर्यंत डीजे वाजतो.

जागा रिसॉर्टची असो, कृषी पर्यटन केंद्राची असो किंवा शाळेची, मालकाकडून कागद मागून घ्या: बांधकामाची आणि वापराची परवानगी, पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी असेल तर तिचं प्रमाणपत्र, अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ खाली ज्या इमारतींना अग्निशमन यंत्रणा बंधनकारक आहे, त्यांच्या मालकाला ती चालू असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. जानेवारीचा ताजा ‘नमुना ब’ दाखवा म्हटल्यावर मालकाचा चेहरा कसा होतो, त्यावरून जागेबद्दल बरंच कळतं. अग्निशामक सिलिंडरवरची तारीख स्वतः वाचा, त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहा आणि झोपायच्या खोलीला दुसरं दार आहे का बघा. खिडक्यांना पक्के गज आणि दार एकच, अशा खोलीत मुलं झोपवू नका.

तंबू टाकणार असाल तर नदीच्या पात्रात आणि धरणाच्या खालच्या अंगाला अजिबात नको. ८ जून २०१४ ला हिमाचलात बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वरच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते उतरले तेव्हा पात्रात पाणी कमी होतं. आपल्याकडे भंडारदरा, मुळशी, पवना या भागांत शिबिरांची गर्दी असते. तिथे जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात जाऊन पाणी कधी आणि कुठून सोडतात ते विचारून घ्या.

वनक्षेत्रात मुक्काम करायचा तर वनविभागाची लेखी परवानगी हवी. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार परवान्याशिवाय आत जाताच येत नाही. शेकोटीचं विशेष सांगते. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम मानला जातो आणि आपली शिबिरं बरोबर त्यातच येतात. वाळलेल्या गवताच्या माळावर ‘कॅम्पफायर’ची हौस करू नका. अंगणात कंदील ठेवून गाणी म्हटली तरी मुलांचं काही अडत नाही. किल्ल्यावर राहायचं डोक्यात असेल तर तो किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या, राज्य पुरातत्त्व विभागाच्या की वनविभागाच्या ताब्यात आहे ते आधी शोधा. संरक्षित स्मारकावर रात्री राहता येईल असं गृहीत धरू नका.

तिसरी पायरी: नोंदी आणि परवाने

आधी साहसी उपक्रम, कारण इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. हिमालयातल्या ट्रेकमध्ये मुलगा गमावलेल्या पालकांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि अशा उपक्रमांना नियम असावेत याचा पाठपुरावा वर्षानुवर्षं केला. आज राज्यात जी चौकट आहे ती पर्यटन विभागाच्या २४ ऑगस्ट २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाची. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले साहसी उपक्रम घेणाऱ्या आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. आधी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, अटी पूर्ण केल्यावर अंतिम. अर्ज संचालनालयाच्या संकेतस्थळावरून करायचा आणि शंका असेल तर आपल्या विभागाच्या उपसंचालक कार्यालयात जायचं.

त्या धोरणासोबतच्या मार्गदर्शक सूचना प्रिंट काढून वाचा. ट्रेकिंग, रॅपलिंग, झिपलाइन, कयाकिंग अशा एकेका प्रकारासाठी प्रशिक्षक कसा हवा, साहित्य कसं हवं, आपत्कालीन योजना कशी लिहायची हे त्यात दिलेलं आहे. सरकारी मराठी जड आहे खरी, पण हातात पेन घेऊन वाचलं तर तुमची अर्धी सुरक्षा नियमावली तिथेच तयार होते.

साहसी उपक्रम दुसऱ्या संस्थेला ठेका देऊन करवून घेणार असाल, तरी तिचं नोंदणी प्रमाणपत्र, विम्याची प्रत आणि प्रशिक्षकांची प्रमाणपत्रं तुमच्या फाइलमध्ये हवीत. पालकांनी मूल तुमच्या हवाली केलेलं असतं, ठेकेदाराच्या नाही.

बाकीच्या नोंदी भराभर सांगते. संस्था, भागीदारी किंवा कंपनी यापैकी काहीतरी कागदावर असू द्या. शॉप अॅक्टची नोंद करून घ्या. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी आला. ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलिस ठाण्याला शिबिराच्या तारखा, मुलांची संख्या आणि जबाबदार व्यक्तीचा नंबर लिहून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. लाउडस्पीकर लावायचा तर परवानगी घ्या, रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच. शाळेच्या नावाने शिबिर नेत असाल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीचे सहलीचे नियमही पाळावे लागतात. मुलं बसने नेणार असाल तर बसचा परवाना, फिटनेस, विमा आणि पीयूसी एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं. रात्रीचा प्रवास टाळा, आणि ड्रायव्हर आदल्या रात्री झोपला होता का हे विचारायला लाजू नका.

विमा दोन प्रकारचा घ्या: मुलांचा सामूहिक अपघात विमा आणि तुमच्यावर येणाऱ्या दाव्यांसाठी सार्वजनिक दायित्व विमा. पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले तर नाहीत ना, ती ओळ शोधून वाचा. बहुतेक वेळा ती मागच्या पानावर असते.

अजून एक. ‘काही झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत’ असं पालकांकडून लिहून घेतलं की आपण सुटलो, ही समजूत काढून टाका. हयगयीमुळे मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते आणि पालकांच्या सहीने ते कलम पुसलं जात नाही. संमतिपत्र घ्यायचं ते पालकांना धोके नीट समजावेत म्हणून.

चौथी पायरी: माणसं

इथे घाई करू नका. सगळे परवाने हातात असतील आणि माणूस चुकीचा असेल तर त्या परवान्यांचा काही उपयोग नाही.

मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थेने शिक्षक असो वा शिपाई, प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी करायची, असं पॉक्सो नियम २०२० सांगतात. यात आचारी आला, ड्रायव्हर आला, रात्रीचा वॉचमन आला, आठवडाभरासाठी आलेला कॉलेजचा स्वयंसेवकही आला. चारित्र्य पडताळणीचा अर्ज पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून करता येतो, त्याला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारीतच टाका. सोबत आधीच्या दोन ठिकाणी स्वतः फोन करा. ‘या माणसाला पुन्हा मुलांसोबत कामाला ठेवाल का?’ एवढा एकच प्रश्न विचारा आणि समोरचा उत्तर द्यायला किती वेळ घेतो तेही ऐका.

मग नियम ठरवा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. कुणीही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा राहणार नाही. मुलगे आणि मुली वेगळ्या खोल्यांत झोपतील, मुलींच्या बाजूला मुक्कामी महिला कार्यकर्ती असेलच. आंघोळीच्या वेळी मोबाइल बाहेर. मुलांचे फोटो कार्यकर्त्यांनी आपल्या खासगी खात्यावर टाकायचे नाहीत. शिक्षा म्हणून जेवण तोडणं, उन्हात उभं करणं, हात उगारणं बंद. मुलांना पहिल्याच संध्याकाळी, त्यांना समजेल अशा साध्या भाषेत सांगा की कुणाचं वागणं आवडलं नाही तर कुणाकडे जायचं. तिथे एक ताई आणि एक दादा, अशी दोन नावं द्या, म्हणजे एकाबद्दल तक्रार असेल तर दुसरा दरवाजा उघडा राहतो.

आणि काही कळलंच तर? हा भाग प्रत्येक आयोजकाला पाठ हवा. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. पुरावा गोळा करत बसायचं नाही, दोघांना समोरासमोर आणायचं नाही, ‘संस्थेचं नाव जाईल’ म्हणून मिटवायचं तर मुळीच नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने कळवला नाही तर कलम २१ खाली त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाला वारंवार तेच विचारू नका. जे त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तो सुरक्षित आहे याची खात्री करा, पालकांना बोलवा. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला मोकळं वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यावा, मुलाला रात्री पोलिस ठाण्यात ठेवू नये, हे कायद्यातच आहे. मदतीसाठी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहेच.

संख्येचं म्हणाल तर मी दहा मुलांमागे एक मोठा माणूस धरते, दहा वर्षांखालची मुलं असतील तर सहांमागे एक. आचारी आणि ड्रायव्हर यात मोजायचे नाहीत. ट्रेकला किंवा पाण्याजवळ जाताना हे प्रमाण आणखी वाढवा. प्रत्येक गटात प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेला निदान एक जण हवा. दोराच्या खेळांसाठी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयीन गिर्यारोहण संस्था किंवा मनालीची संस्था इथला अभ्यासक्रम पूर्ण केलेला प्रशिक्षक शोधा. दोर, हार्नेस, कॅरॅबिनर यांवर यूआयएए किंवा सीई मानकाचा शिक्का असतो, तो पाहा. दोर कधी घेतला आणि किती वापरला याची नोंद नसेल तर त्या दोराला मूल बांधू नका.

पाचवी पायरी: पाणी

यावर मी सगळ्यात जास्त बोलते आणि बोलत राहणार. साप आणि बिबट्याची भीती सगळ्यांना वाटते. तळं, विहीर आणि समुद्र मात्र ओळखीचे वाटतात, आणि मुलं जातात ती तिथेच.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं व २ शिक्षिका गेल्या. त्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. दोन्ही ठिकाणी मोठी माणसं हजर होती.

म्हणून नियम साधे आणि कडक ठेवा. प्रशिक्षित जीवरक्षक नाही, तर पाणी नाही. पणजीच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षकांचं प्रशिक्षण होतं, तशा प्रमाणपत्राचा माणूस घ्या. ‘गावातला पोहणारा पोरगा’ उत्तम पोहत असेल, पण बुडणारं मूल गळ्याला मिठी मारतं तेव्हा काय करायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. गोव्याला शिबिर नेलंत तर जिथे जीवरक्षक तैनात आहेत त्याच किनाऱ्यावर, त्यांच्या वेळेतच उतरा, आणि लाल झेंडा दिसला तर मागे फिरा.

लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं हवं. ते तपासायची रीत अशी: सगळे पट्टे बांधून झाले की मुलाच्या खांद्यांवरून जॅकेट वर उचला. ते हनुवटीच्या वर सरकलं तर माप मोठं आहे, ते मूल बोटीत चढणार नाही. रडलं तरी नाही. बोटीची नोंदणी आणि तिच्यावर लिहिलेली प्रवासी क्षमता वाचा. पाण्यात उतरताना मुलांच्या जोड्या करा, दर दहा मिनिटांनी शिट्टी वाजवा, शिट्टी झाली की जोडीदारांनी एकमेकांचा हात धरून वर करायचा. हात एकटा दिसला की सगळे बाहेर. काठावर उभा असलेला माणूस तेवढा वेळ दुसरं काहीही करणार नाही, फोटो तर नाहीच.

शिबिराच्या आवारातली विहीर आणि शेततळं यांना कुंपण आहे का पाहा. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. तिथे काठाला गाठी मारलेला दोर कायम बांधून ठेवा.

सहावी पायरी: ऊन, वीज, साप, विंचू

मैदानी भागात पारा ४० अंशांच्या आणि किनाऱ्यावर ३७ अंशांच्या पुढे गेला की हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करू लागतं. तुम्ही त्या इशाऱ्याची वाट पाहू नका. सकाळी अकरा ते दुपारी चार सावलीतलेच कार्यक्रम ठेवा. पाणी ‘तहान लागली की प्या’ असं नाही, घंटा वाजवून सगळ्यांना एकदम पाजा. ओआरएसची पाकिटं संपली तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. मूल बडबडायला लागलं, अडखळायला लागलं, अंग भाजतंय तर तो उष्माघात समजा. सावलीत नेऊन अंगावर पाणी मारत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतू नका.

मे महिन्यात वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अॅप फोनवर घ्या. गडगडाट ऐकू आला की मुलं पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत. तंबू आणि झाड हे आडोसे नव्हेत.

सापांचं जरा सविस्तर. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. शिबिराच्या दृष्टीने मला सगळ्यात जास्त काळजी मण्यारची वाटते. तो रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे मूल उठतं आणि म्हणतं, पोटात दुखतंय. आपल्याला वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. थोड्या वेळाने पापण्या जड व्हायला लागतात, गिळायला त्रास होतो. जमिनीवर झोपलेल्या मुलाचं पहाटेचं पोटदुखणं आणि जड पापण्या दिसल्या तर ओवा-साखर देत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि मुळात मुलांना कॉटवर झोपवा, किंवा मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचून. खोलीत खाऊ नको, कारण खाऊपाठोपाठ उंदीर येतात आणि उंदरांपाठोपाठ साप.

दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो हात किंवा पाय फळी लावून हलता राहणार नाही असा ठेवा, मुलाला चालवू नका, वेळ लिहून ठेवा आणि निघा. कुठे, ते आधीच माहीत हवं. शिबिराच्या आठवडाभर आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात स्वतः जाऊन विचारा: सर्पदंशावरची लस आत्ता शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर मुक्कामी असतात का. कोकणात लाल विंचवाचा दंशही जीवघेणा ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केल्यावर त्यातले मृत्यू खूप कमी झाले, पण ते औषध डॉक्टरांनी द्यायचं असतं, म्हणून तिथेही वेळेत पोहोचणं आलंच. सकाळी बूट झटकून घालायची सवय मुलांना पहिल्या दिवशीच लावा.

सातवी पायरी: स्वयंपाकघर

आचाऱ्याकडे किंवा केटररकडे अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ खालची नोंदणी किंवा परवाना हवा. स्वतः स्वयंपाक करणार असाल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस पोर्टलवर तुम्ही नोंदणी करा. पिण्याच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला किंवा आरोग्यसेवकाला गाठा. टीसीएल म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर किती टाकायची आणि पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी ओटी टेस्ट कशी करायची हे तो पाच मिनिटांत शिकवतो. मग ती रोज सकाळी टाकीच्या नळावर करा आणि वहीत लिहा. टँकरचं पाणी आलं की पुन्हा करा.

उन्हाळ्यात पनीर, क्रीम, अंड्याचं मेयोनीज आणि दुपारची उसळ रात्री, हे चार प्रकार टाळा. प्रत्येक जेवणातला थोडा थोडा नमुना झाकून, तारीख घालून एक दिवस फ्रीजमध्ये ठेवा. मुलांची पोटं बिघडली तर डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. गॅस सिलिंडर व्यावसायिकच वापरा आणि मुलांना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवा.

आठवी पायरी: पालकांचा फॉर्म

नाव, पत्ता, रक्तगट एवढ्यावर थांबू नका. दमा, फिट येणं, अॅलर्जी, चालू औषधं, आधीची ऑपरेशन्स, पोहता येतं की नाही, झोपेत चालतो का, हे विचारा. अंथरूण ओलं करतो का हेही विचारा आणि ते उत्तर फक्त गटाच्या ताई-दादापुरतं ठेवा. अशा मुलाला झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री हळूच उठवून नेलं, जास्तीची चादर हाताशी ठेवली, तर इतर मुलांना कळतही नाही. नाहीतर त्या मुलाची चारही दिवस झोप उडते आणि न झोपलेलं मूल ट्रेकवर पडतं.

औषधं पालकांकडून डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, नावाच्या पिशवीत घ्या. कधी दिलं, कुणी दिलं, लगेच लिहा. घेऊन जायला कोण येणार, त्या दोन माणसांची नावं आणि ओळखपत्राचा प्रकारही याच फॉर्मवर घ्या.

नववी पायरी: रंगीत तालीम

मुलं यायच्या आदल्या दिवशी सगळ्या कार्यकर्त्यांना आवारात बोलवा. एकाला सांगा, ‘पडवीत मूल बेशुद्ध पडलंय.’ आणि घड्याळ लावा. कुठल्या सिमला रेंज आहे? १०८ ला फोन लागला तर पत्ता काय सांगणार? ‘अमुक रिसॉर्ट’ म्हणून रुग्णवाहिका सापडत नाही. ‘हायवेवरून अमक्या फाट्याला आत, शाळा डाव्या हाताला ठेवून दोन किलोमीटर, पाण्याच्या टाकीजवळ आमचा माणूस टॉर्च घेऊन उभा आहे’ असा मजकूर कागदावर लिहून फोनच्या जागी चिकटवा. अक्षर मोठं काढा, घाबरलेल्या माणसालाही वाचता आलं पाहिजे. खाली नंबर लिहा: ११२, १०८, आगीसाठी १०१, वनविभागाचा १९२६, पोलिस ठाणं, रुग्णालय, सर्पमित्र, आणि डोंगराळ भाग असेल तर महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा. एक गाडी चावीसह, पेट्रोल भरून, तोंड फाटकाकडे करून दिवसरात्र उभी हवी आणि तिचा ड्रायव्हर कोण ते वहीत हवं.

शिबिर सुरू झालं की गणती हाच तुमचा श्वास. उठल्यावर, प्रत्येक जेवणाला, कुठेही निघताना आणि पोहोचल्यावर, झोपताना. आकडा नुसता पुकारू नका, नाव घेऊन हजेरी घ्या. संख्या जुळली तरी एक मूल कमी आणि शेजारच्या शिबिरातलं एक जास्त असं होऊ शकतं. रात्री कार्यकर्त्यांची पंधरा मिनिटांची बैठक घ्या. आज काय होता होता राहिलं, एवढाच विषय. कुणाचा पाय निसटला, कुठल्या मुलाने जेवण टाळलं, कुठली गाठ सैल निघाली. ते तारीख घालून लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त करा.

शेवटच्या दिवशी दोन-तीन गाड्या एकदम येतात, मुलं बॅगा ओढत पळतात, पालक घाईत असतात. फाटकावर एकच टेबल लावा. फॉर्मवर ज्याचं नाव आहे त्याचं ओळखपत्र पाहून, सही घेऊन, उरलेली औषधं त्याच्या हातात देऊन मूल सोपवा. काका आले, शेजारी आले, ‘आईने पाठवलंय’ म्हणाले, तर आईला फोन लावा आणि तोवर मूल तुमच्याजवळच थांबेल. शिबिरात झालेली छोटी जखम, आलेला ताप, घेतलेलं औषध पालकांना तिथेच सांगा. पालकांचे फॉर्म, हजेरी, औषधांची नोंद, ओटी टेस्टची वही आणि अपघातांची नोंद कुलपात ठेवा. त्यात मुलांची खासगी माहिती आहे, ती कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर राहता कामा नये.